फोन धरायची रीत

७ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा फोन कटला. हा सलग तिसरा रविवार.

ही वही मराठीत लिहितो आहे, कारण घरात माझ्याशिवाय कोणाला नागरी अक्षरे वाचता येत नाहीत. आई मराठी बोलते आणि तमिळ वाचते. लावण्या, माझी धाकटी बहीण, मराठी सगळी समजते आणि बहुतेक वेळा तमिळमध्ये उत्तर देते. मला सीतारामराव सरांनी शिकवले. दर शनिवारी ते आमच्या लोकांची, म्हणजे पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरांतली, चार-पाच मुले घेऊन बसत. शेवटी मी एकटाच उरलो होतो. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडले, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकू देत नाही. प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची प्रुफे वाचतो, त्याची सवय.

मुद्दा असा. मामा तिरुवैयारुला राहतो, आईचा धाकटा भाऊ. त्याची मुलगी श्रीलक्ष्मी पाळण्यात होती तेव्हाच ती माझी म्हणून ठरली. लहानपणी एकदा शेजारच्या मुलांचे ऐकून ती मला अण्णा म्हणाली, तर आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. भाऊ नव्हे तो, म्हणाली. आमच्यात मामाच्या मुलीने आत्तेभावाला अण्णा म्हटले की सोयरीक संपली. आईच्या एका मावशीचे लग्न असेच मोडले होते. तेव्हापासून श्रीलक्ष्मी मला काहीच म्हणत नाही. नाव नाही, नाते नाही. 'ऐक' म्हणून सुरुवात करते.

ती इंजिनियर झाली, चेन्नईत नोकरी करते, मुलींच्या वसतिगृहात राहते. मागच्या महिन्यात आजोबांच्या श्राद्धाला जेवता जेवता मामा आईला म्हणाला, "अक्का, काळ बदलला आहे. प्रवीणनं तिला स्वतः विचारावं. ती काय म्हणते ते मला त्याच्या तोंडून कळू दे. दिवाळीपर्यंत कळलं तर पोंगल झाल्यावर तै महिन्यातला मुहूर्त धरू." आई हसली. ठरलेल्या गोष्टीत विचारायचे काय, म्हणाली. मामा पानाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मला वाटले मीठ कमी पडले असेल.

आज चांगले बोलणे चालले होते. मग मी म्हणालो, मामांनी तुला एक गोष्ट विचारायला सांगितली आहे. तेवढ्यात आवाज गेला. परत लावला तर संपर्कक्षेत्राबाहेर. मागच्या दोन्ही रविवारी इथेच कटला होता.

८ सप्टेंबर, सोमवार

प्रेसच्या शेजारी एकोजीचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. आमच्याच लोकांतला. दुपारी त्याला फोन दाखवला. त्याने उघडलाही नाही. मला म्हणाला, नेहमी धरतोस तसा धर. मी धरला. त्याने पडद्यावर बोट ठेवले. रेंजच्या दांड्या एकेक करून उतरत गेल्या.

"फोन बिचारा ठीक आहे," तो म्हणाला. "तूच त्याचा गळा दाबतोस."

या फोनचा अँटेना खालच्या कडेला आहे. मी घाबरून धरतो, म्हणजे कड पूर्ण तळव्यात येते. त्यात माझ्या तळव्याला घाम. ओला हात म्हणजे भिंत, असे एकोजी म्हणाला. डाव्या हातात, वरच्या बाजूने धर म्हणाला.

इतके दिवस मला काय काय वाटत होते, ते आता लिहीत नाही. कारण सापडले. आज नीट जेवलो.

१० सप्टेंबर, बुधवार

आईला डावा हात मान्य नाही. सोयरिकीचे बोलणे डाव्या हाताने करायचे नाही. लहानपणी मी डाव्या हाताने जेवू लागलो तेव्हा तिने तो हात पदराने बांधून ठेवला होता, त्यामुळे वाद घातला नाही. मधला मार्ग काढला. उजवा हात, पण फक्त दोन बोटे आणि अंगठा, वरच्या कोपऱ्यात.

घरात सगळीकडे फिरून पाहिले. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी पूर्ण रेंज येते. पुढच्या खोलीत बरी. मागच्या कोठीत सर्वात वाईट; तिथे एकच दांडी असते आणि फोन मुठीत धरला की तीही जाते. कोठीत एक पितळी डबा आहे, घट्ट झाकणाचा. आईच्या लग्नात मामाने दिलेला. त्यात फोन ठेवून झाकण लावले आणि लावण्याच्या फोनवरून लावून पाहिला. लागला नाही. हे सगळे तमिळमध्ये एका कागदावर स्वच्छ लिहून जिन्याच्या भिंतीला चिकटवले, म्हणजे घरात कोणाला अडचण नको.

मी दोन बोटांनी फोन धरून जिना चढत होतो तर लावण्या म्हणाली, "अण्णा, फोन आहे की उदबत्ती?"

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष चालू आहे. आईने बजावले की या पंधरवड्यात शुभ विषय तोंडातून काढायचा नाही, नुसते बोल. म्हणून नुसता बोललो.

फोन कटला नाही. गच्चीवर, टाकीपाशी, दोन बोटांनी. श्रीलक्ष्मी वसतिगृहातल्या सांबाराबद्दल बोलली. खोलीतल्या दोघी मुलींबद्दल बोलली, एक ओरिसाची आहे. लहानपणी आम्ही कालव्यात मामाची चप्पल सोडली होती, ती आठवण तिनेच काढली आणि हसली. मी तिला हसताना किती दिवसांनी ऐकले. माझी बोटे आखडली तरी हात बदलला नाही. ऊन उतरले, तरी बोलणे चालूच.

शेवटी ती म्हणाली, "आज बरं वाटलं बोलून. असंच बोलत जाऊ या. नुसतं."

रीत लागू पडली आहे. एकोजीला उद्या सुंदर कॉफी पाजायची.

२१ सप्टेंबर, रविवार

महालय अमावस्या. सकाळपासून तर्पणाची गडबड. तरी संध्याकाळी बोललो, नुसता. आजही फोन एकदाही कटला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्र. पितृपक्ष संपला, आता विचारायला हरकत नाही. आईने कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या आहेत, रोज बायका येतात, हरभऱ्याची उसळ वाटतात. मी कपडे बदलले, कपाळाला गंध लावले आणि गच्चीवर गेलो. टाकीपाशी उभा राहिलो. दोन बोटे आणि अंगठा. पूर्ण रेंज.

"श्रीलक्ष्मी, तै महिन्यात मुहूर्त धरायचा का, असं मामा," एवढे म्हणालो.

कटला.

मी पडदा पाहिला. दांड्या जशाच्या तशा होत्या. हात कोरडा होता. मी खूप वेळ पडद्याकडेच पाहत उभा होतो. लावण्या कपडे काढायला वर आली होती. तिने सगळे ऐकले असावे. तिने दोरीवरचा माझा शर्ट काढला, घडी केली, उलगडली, परत घडी केली.  जाताना मराठीत म्हणाली, "अण्णा, खाली ये. ऊन लागेल." ऊन नव्हतेच.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. प्रेसमध्ये यंत्राला, कागद कापायच्या सुरीला, सगळ्यांना चंदन-कुंकू लावले. मालक सूर्यनारायण यांनी कुरमुरे आणि केळी वाटली. माझ्या प्रुफाच्या लाल पेनलाही कुंकू लावले आणि म्हणाले, हे तुझे शस्त्र.

घरी लावण्याची पुस्तके, आईची कात्री, आणि माझा फोनही पूजेत ठेवला. मागच्या बाजूला, अगदी खालच्या कडेवर, आईने कुंकवाचे बोट उमटवले. मी जागा बदलायला सांगितली, तर म्हणाली, देवीने अँटेना झाकला म्हणून कोणाचे वाईट झाले आहे का.

पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही. आणि संध्याकाळी आरतीनंतर तो वाजला.

श्रीलक्ष्मीचे नाव. ती स्वतःहून कधी करत नाही. आजवर एकदाही केला नव्हता. फुलांच्या ढिगात फोन थरथरत होता आणि झेंडूच्या पाकळ्या हलत होत्या. वाजून थांबला. परत वाजला. मग परत.

लावण्या म्हणाली की इतक्यांदा करते आहे तर काहीतरी असेल, घेऊ दे त्याला. आईने तिच्याकडे नुसते पाहिले. मग हात जोडून मला म्हणाली, "देवीपुढं वाजला. आता अजून कसला होकार पाहिजे?"

मी हात लावला नाही. नियम होता म्हणून. पण ही वही माझी आहे, म्हणून हेही लिहितो: नियम नसता तरी लावला असता की नाही, सांगता येत नाही. वाजत होता तोवर बरे वाटत होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पूजा उतरल्याबरोबर लावला. ती म्हणाली, "काल सगळा धीर गोळा करून केला होता." मी पूजेचे सांगितले. ती म्हणाली, हो, विसरलेच, आमच्याकडेही तसेच असते. मग ऑफिसची गाडी आली म्हणाली.

कसला धीर, हे विचारायचे राहिले.

५ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर विचार केला. फोन दोन असतात. इकडचा मी सुधारला. तिकडचे काय? तीही माझ्यासारखीच धरत असणार. विषय महत्त्वाचा निघाला की माणूस आपोआप हात आवळतो, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. तीही त्याच वेळी आवळत असेल. म्हणून बरोबर तिथेच कटतो. नुसते बोलताना हात सैल असतो, म्हणून तेव्हा कटत नाही. सगळे जुळते.

एका कागदावर हाताचे चित्र काढले. चुकीची पकड, फुली. बरोबर पकड, बरोबरची खूण. खाली तमिळमध्ये दोन ओळी. फोटो काढून तिला पाठवला. एकोजीला दाखवला तेव्हा त्याने चित्र बराच वेळ पाहिले. मग त्याने फोन मला परत दिला आणि म्हणाला, "प्रवीण, माझं ऐकशील? एकदा चेन्नईला जाऊन ये. समोर बस आणि विचार."

मी म्हणालो रजा मिळणार नाही. तो म्हणाला मी सूर्यनारायण सरांशी बोलतो. मी नको म्हणालो. समोर बसल्यावर तर काहीच कटत नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर वाचले. खोडावेसे वाटले. पण मी वहीत खोडत नाही.

संध्याकाळी तिचे उत्तर आले. 'बरं.'

१२ ऑक्टोबर, रविवार

तिने उचलला नाही. आई कल्याण मंडपाची, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाची, चौकशी करून आली. तै महिन्यात करंदैच्या मंडपात एकच दिवस रिकामा आहे, मालक दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. आईला मी इतक्या उत्साहात बरीच वर्षे पाहिलेले नाही. बाबा गेल्यापासून मामाचे घर हेच तिचे माणूस. तिने ट्रंकेतून जरीचे लुगडे काढून उन्हात घातले आहे. श्रीलक्ष्मी सून होऊन आली की घरात कोणीतरी परत मराठीत भांडेल, असे म्हणते.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या दिवाळी. श्रीलक्ष्मी तिरुवैयारुला येणार नाही, रजा मिळाली नाही म्हणे. मामाचा फोन आला होता. आईशी बोलला, मग मला मागितले. विचारलेस का, म्हणाला. मी म्हणालो, दर वेळी रेंज जाते.  मग म्हणाला, "ती उद्या तुला फोन करेल. मी सांगितलं आहे तिला. तू घे, आणि पूर्ण ऐक. ती जे सांगेल ते तूच आईला सांगायचंस, प्रवीण. मला अक्काला सांगता येणार नाही."

मामाचा आवाज बसला होता. थंडी बाधली असेल.

२० ऑक्टोबर, सोमवार

अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, आणि नवाच्या सुमारास फोन वाजला.

मी पुढच्या खोलीत होतो. लावण्याने बोट वर केले, गच्चीकडे. गच्चीवर शेजारची मुले फटाके उडवत होती. मी मागे गेलो, कोठीत. फटाक्यांचा आवाज नको म्हणून. दार लावून घेतले. एकच दांडी होती.

"ऐकू येतंय?" श्रीलक्ष्मी म्हणाली.

मी म्हणालो, येते आहे.

"तू पाठवलेलं चित्र पाहिलं. मी फोन नीटच धरलाय. आधीही नीटच धरला होता. दर वेळी."

कोठीत असूनही तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. चिंचेच्या मडक्यावर एक मुंगी चालत होती, मी तिच्याकडे पाहत होतो.

"बाबा म्हणतात, तुलाच सांगायचं, तुझ्याकडूनच आत्याला कळलं पाहिजे. मला तुझा राग नाही. नुसतं बोलायला तू मला नेहमीच आवडलास. पण आता ऐक. ऐक, अ…"

माझा हात मिटला. दोन बोटांचा नाही, पूर्ण. खालची कड तळव्याच्या मध्यभागी आली आणि चारही बोटे वरून घट्ट बसली. एक दांडी होती ती गेली. हात कधी मिटला हे मला नीट आठवत नाही. उघडायला मात्र वेळ लागला.

पहिले अक्षर ऐकू आले. पण एका अक्षरावरून शब्द धरायचा नसतो. मूळ प्रत पाहिल्याशिवाय पुढची अक्षरे भरायची नाहीत, हा प्रेसमधलाही नियम आहे.

बाहेर आलो. आईने विचारले, काय म्हणाली. मी म्हणालो, रेंज गेली, पूर्ण ऐकू आले नाही.

"नाही म्हणाली का?"

"तसं ऐकू आलं नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि माझ्या तोंडात लाडू घातला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आई, मी आणि लावण्या तिरुवैयारुला गेलो. आईने ताटात पाने, सुपारी, नारळ, हळद, फुले असे सगळे नेले होते. बसमध्ये ताट मांडीवर धरून बसली, कोणाला धक्का लागू देईना. मामा दारातच उभा होता. मला बाजूला घेऊन त्याने विचारले, "तिचा फोन आला?"

"आला, मामा."

"बोलली?"

"बोलली."

"काय म्हणाली?"

मामाने माझ्याकडे इतके रोखून कधी पाहिले नव्हते. मी म्हणालो, "शेवटचं ऐकू आलं नाही. रेंज गेली."

तो थांबला. मी अजून काही म्हणेन म्हणून थांबला, हे मला कळत होते. आतून आईचा हसण्याचा आवाज आला. ती मामीला लुगड्याचा रंग सांगत होती. मामाने धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. मग आत जाऊन, आईकडे न पाहता, मामीला म्हणाला, "कुंकू आण. अक्का ताट घेऊन उभी आहे."

परतताना कावेरीच्या पुलावर लावण्या मराठीत बोलली. सबंध वाक्य, एकही तमिळ शब्द नाही. "गच्चीवर पूर्ण रेंज येते, हे तूच लिहून भिंतीला लावलं आहेस. मग तू कोठीत का गेलास?"

मी खिडकीबाहेर पाहिले. भाताची लावणी झालेली होती. तिने परत विचारले नाही. आज दिवसभर तिने मला अण्णा म्हटलेले नाही, काहीच म्हटलेले नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जिन्याच्या भिंतीवरचा कागद कोणीतरी काढला आहे. चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते, ते मी नखाने काढले.

श्रीलक्ष्मीचे फोन येतात. मी प्रेसमध्ये असतो, तिथे यंत्राच्या आवाजात कळत नाही. एकोजी दुकानातून हात करतो, पण आत येत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

रविवार असूनही प्रेस उघडून बसलो. सूर्यनारायण सर पत्रिका फुकट छापून देणार आहेत. तमिळ मजकूर त्यांनी जुळवला. वरची एक ओळ नागरीत मी जुळवली, कारण आमच्या घरच्या पत्रिकेवर ती असते. वधूचे नाव तीनदा तपासले. श्री जोडून, क्ष्मी दीर्घ. एकही चूक नाही. सरांनी प्रूफ उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाले, तुझ्या हातून कधी चूक होत नाही.

घरी आलो तेव्हा तिचा संदेश आला होता. तमिळमध्ये, बराच लांब. न उघडता पडद्यावर जेवढे दिसते तेवढे दिसले: 'ऐक, आता तरी'. आमच्यात असल्या गोष्टी कोणी लिहून पाठवत नाही. लिहिलेले घराघरांत फिरते. तरी तिने लिहिले. मी उघडला नाही. उघडला की तिच्याकडे निळ्या खुणा होतात आणि मग वाचला नाही असे म्हणता येत नाही.

आई पुढच्या खोलीत पाहुण्यांची नावे मोठ्याने आठवते आहे. अधूनमधून मला विचारते, पुन्नैनल्लूरचे कोण राहिले का. मी इथूनच उत्तर देतो.

फोन पितळी डब्यात ठेवला आणि झाकण दाबून बसवले. त्यात रेंज येत नाही, हे मी आधीच पाहून ठेवले आहे.